गलबत छाप

३ फेब्रुवारी

देणगीदार घराण्याच्या सूनबाई यांस,

तुमचं पत्र परवा मिळालं. नऊ वर्षांनी आलेल्या पत्राला तिसऱ्या दिवशी उत्तर देते आहे, कारण त्यात तुम्ही चहाबद्दल विचारलं आहे आणि चहा माझ्या कामात मोडतो. माझ्या तब्येतीबद्दल विचारलं असतंत तर इतकी घाई केली नसती.

पत्रभर 'तुम्ही'च म्हणायचं असं ठरवून बसले होते. पण पाठच्या बहिणीला अहो-जाहो करताना एका परिच्छेदातच हात अवघडला. तेव्हा यापुढे तू. त्यावरून माया उतू चालली आहे असा समज करून घेऊ नकोस.

तू चार गोष्टी विचारल्या आहेस. गलबत चहा अजून होतो का. रोज होतो का. कसा लागतो. आणि एक पुडी पाठवशील का.

उत्तर देण्याआधी तुला पाठ असलेली गोष्ट पुन्हा लिहिते, कारण हे पत्र तुझ्याखेरीज आणखी कोणाच्या टेबलावर जाणार आहे ते मला माहीत नाही. परक्यांचं राज्य होतं तेव्हा तुझ्या पणजेसासऱ्यांनी 'गलबत छाप' काळा चहा काढला. दोन-तीन जातींच्या पत्त्यांचं मिश्रण, किंचित धुराचा वास असलेलं. साहेबांचे क्लब, बोटी, कचेऱ्या, सगळीकडे तोच चालायचा. साहेबांच्या कपांतून तो आपल्या लोकांच्या घरांत शिरावा म्हणून म्हाताऱ्याने ही इमारत नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहासाठी दिली आणि दानपत्रात अट घातली: रोज दुपारी चार वाजता घरातल्या प्रत्येक बाईला, आणि मागच्या दाराशी येईल त्या कोणत्याही बाईला, गलबत छाप चहा फुकट मिळाला पाहिजे. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. सलग एक वर्ष त्यात खंड पडला तर इमारत आणि जागा घराण्याकडे परत. अडतीस बायका रोज आपापल्या शाळेत, इस्पितळात, कचेरीत जाऊन त्या चहाबद्दल बोलणार, असा त्याचा हिशेब. बोलतात खऱ्या, पण त्याला हवं तसं नव्हे. जेवणघरात त्याची तसबीर आहे. मुली तिला कप्तान म्हणतात.

आता उत्तरं. होतो. रोज होतो. आज तेवीस जणी प्यायल्या, बाकीच्या कामावर होत्या, त्यांचा थर्मासमध्ये काढून ठेवला. मागच्या दारी तिघी आल्या. त्यांतली भाजीवाली गेली सहा वर्षं येते. साखरेची पुडी बरोबर आणते, चिमूटभर जिभेवर ठेवते आणि वर चहा पिते. मी हटकलं तर म्हणाली, "चहात घालू नका असं लिहिलंय ना बाई? माझं तोंड काय त्या कागदात आहे?" चव विचारशील, तर आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या मते हा चहा नव्हे, प्रायश्चित्त आहे.

पुडी मिळणार नाही.

का, ते सांगते. तुझे यजमान ऑक्टोबरात गेले. मी दोन ओळींचं कार्ड पाठवलं, आले नाही. कारण आपण दोघी जाणतो. डिसेंबरात तुझे चिरंजीव इथे आले. "सहज आलो मावशी, बऱ्याच दिवसांत भेट नाही." सहज आलेला माणूस खिशात पन्नास फुटी टेप घेऊन येत नाही. मागच्या अंगणात पेरूच्या झाडापासून कुंपणापर्यंत त्याने पावलं टाकली, ती मी वरच्या खिडकीतून मोजली. मग चहा प्यायला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "हा अजून तोच का गं?" त्यानंतर दीड महिन्यात तुझं पत्र, तेच विचारणारं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं लोक म्हणतात. मी या घरात सव्वीस वर्षं आहे. कोणता कावळा किती जड ते मला कळतं.

नऊ वर्षांपूर्वी विश्वस्तांच्या सभेत मी एक साधा प्रश्न विचारला होता. तुमच्या पेढीकडून आलेला माल महिनाभर उशिरा आला होता आणि डब्यांवरची लेबलं वाकडी होती. मी विचारलं, हा माल खरा कशावरून? तुझे यजमान लाल झाले. तू त्यांच्या शेजारी बसून टेबलाकडे बघत राहिलीस. सख्ख्या बहिणीसाठी एक शब्द नाही. त्यानंतर तुमच्याकडून ना पत्र, ना फोन. आणि आता पुडी.

चहा प्यायचा असेल तर दानपत्रात लिहिल्याप्रमाणे चार वाजता मागच्या दाराशी ये. कोणत्याही बाईला मिळतो.

तुझी ताई

या पत्राची कार्बन प्रत ठेवली आहे.

२० फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं दुसरं पत्र आलं. 'ताई, कशाला इतका संशय? मला फक्त वास घ्यायचा आहे.' वास घ्यायचा आहे म्हणे. इथे गेल्या पंधरवड्यात वास घेणाऱ्यांची रांग लागली आहे.

मागच्या सोमवारी एक मनुष्य आला. खाकी पिशवी, गळ्यातलं ओळखपत्र उलटं. म्हणाला, वजनकाटे तपासायला आलोय. आमच्याकडे काटा एकच, भाजी तोलायचा. त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ फडताळापाशी गेला, गलबतचा डबा उघडला आणि नाक आत घातलं. मी दारात उभी होते. म्हटलं, "नाकाने किती किलो भरला?" ओशाळला. दोन बोटांत पत्ती उचलली होती, ती खाली ठेवायला लावली आणि त्याला फाटकापर्यंत पोचवून आले.

कोणीतरी आतून बोललं आहे. त्याशिवाय डबा कोणत्या फडताळात असतो ते परक्याला कळेल कसं? आधी स्वयंपाकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं तुमच्या हाताखाली आहे, बाई. कुणाशी बोलायला वेळ कधी दिलात मला?" त्यांचं म्हणणं पटलं.

मग राहिली टायपिस्ट. नवी मुलगी, जूनमध्ये आली. वकिलाच्या कचेरीत काम करते. महिन्याभरापूर्वी तिने मला विचारलं होतं, "रेक्टरबाई, हा चहा बाजारात कुठे मिळतो? आईसाठी नेला असता." मी सव्वीस वर्षांत हा चहा मागून घेणारी व्यक्ती पाहिलेली नाही. परवा तिला खोली सोडायची नोटीस दिली, महिन्याची. रडली नाही. "कारण लिहून द्याल का?" एवढंच म्हणाली. वकिलाकडे नोकरी करते ती उगाच नाही. कारण दिलं नाही.

पुडी सोबत आहे. मत बदललं म्हणून नव्हे. नाही पाठवली तर लपवण्यासारखं काही आहे असं तू आणि तुझे चिरंजीव म्हणाल, म्हणून. आज सकाळी चालू डब्यातूनच काढली. वास घे, तपासून घे, ज्याला दाखवायची त्याला दाखव. एवढं मात्र लक्षात ठेव की या छपराखाली अडतीस बायका झोपतात. त्यांतल्या अकरा जणींना दुसरं घर नाही. मला धरून बारा.

ताई

प्रत ठेवली आहे. पुडीचं वजनही टिपून ठेवलं आहे.

९ मार्च

धाकटीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून, मग चष्मा पुसून.

तू लिहितेस, 'ताई, ही पुडी चालू डब्यातली नाही. हा नऊ वर्षांचा जुना चहा आहे आणि तो मी भरलेला आहे. माझा हात मला ओळखू येतो.' आणि पुढे चार पानं. ती मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मला समजलं नाही.

तुझं म्हणणं असं. पेढीने गलबत मिश्रण करायचं सव्वीस वर्षांपूर्वीच बंद केलं, मी इथे रेक्टर झाले त्याच वर्षी. खप नव्हता. पण ते बाहेर फुटलं असतं तर अट मोडली असती आणि वसतिगृह गेलं असतं. म्हणून तुझ्या सासूबाई बाजारातून पत्त्या आणून स्वयंपाकघरात मिसळायच्या, पेढीच्या जुन्या डब्यांत भरायच्या आणि जुनी लेबलं डकवून आमच्याकडे पाठवायच्या. तीन वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून तू. चौदा वर्षं. तुझ्या यजमानांना वाटायचं, गोदामातला शिल्लक माल निघतो आहे. आणि मी भर सभेत 'माल खरा कशावरून' असं विचारलं तेव्हा तू टेबलाकडे बघत होतीस, कारण वर पाहिलं असतंस तर तुझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. त्यानंतर डबे पाठवायची तुझी हिंमत झाली नाही.

गोष्ट छान बांधली आहेस. शाळेतही तुझे निबंध चांगले असायचे.

आता मी काय लिहावं अशी अपेक्षा आहे तेही मला दिसतं. मी विरघळून लिहावं की हो गं, डबे यायचे थांबले आणि मग नऊ वर्षं इथे अमुक तमुक झालं. माझ्या अक्षरात, सहीनिशी. ते पत्र वकिलाच्या फाईलीत, आणि पेरूच्या झाडापासून कुंपणापर्यंत तुझ्या मुलाची चार मजली इमारत.

मी काहीही कबूल करत नाही. पण समजा, कुठल्याशा गावात एक रेक्टर आहे. समजा, तिच्याकडे येणारे डबे एका वर्षी एकाएकी बंद झाले. समजा, तिने कोणे एके काळी रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. ती काय करील? शेवटच्या डब्यातली पत्ती पांढऱ्या बशीत पसरून चिमट्याने वेगळी करील. चार रविवार. मोठी पिळदार काळी, बारीक तपकिरी, आणि मधूनच एखादी सोनेरी टोकाची. मोजून प्रमाण काढील: पाच, तीन, एक. तशा पत्त्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणील, म्हणजे एकाही दुकानदाराला संशय येणार नाही. रिकाम्या झालेल्या जुन्या डब्यांत भरील. आणि शेवटच्या डब्यातली उरलेली पत्ती घट्ट बरणीत नमुना म्हणून जपून ठेवील. मग नऊ वर्षांनी कोणी पुडी मागितली तर ती चालू डब्यातली कशाला देईल? त्या बरणीतली देईल. प्रयोगशाळेत गेली तरी खरा माल खराच ठरणार.

असं एखादी करील. मी केलं असं मी म्हणत नाही.

आणि आता तू म्हणतेस की तो खरा माल मुळात तुझ्याच स्वयंपाकघरातला. म्हणजे त्या रेक्टरने चार रविवार चिमटा घेऊन नकलेची नक्कल केली. हे जर खरं असेल तर त्या बाईला हसू येईल की नाही मला सांगता येत नाही.

एक प्रश्न विचारते. तू भरल्याचं म्हणतेस त्या डब्यांच्या तळाशी काय असायचं? हे भरणाऱ्याला माहीत असेल आणि उपसणाऱ्याला. तिसऱ्या कोणाला नाही. उत्तर बरोबर आलं तर पुढचं बोलू.

ताई

प्रत ठेवली आहे. प्रत्येक 'समजा'खाली रेघ मारली आहे, दोन्ही प्रतींत.

१८ मार्च

चिमे,

पाकिटातून गोल कागद पडला. तळहाताएवढा, कडेला कात्रीने काढलेल्या लाटा.

मी नमुन्याची बरणी उघडली. शेवटच्या डब्याच्या तळचा कागद पत्तीबरोबर तिच्यातच राहिला होता. दोन्ही शेजारी ठेवले. एक लाट मोठी, एक लहान, एक मोठी, एक लहान. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताची कात्री धरली की होतं तसं. आई लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली असाच कागद घालायची आणि तो कापायचं काम तुझं होतं. मी बरण्या पुसायचे. चौदा वर्षं मी तो कागद डब्यातून काढून केरात टाकला. वाटायचं, पेढीच्या यंत्रावर कापत असतील. लेबल वाकडं दिसलं, कागद दिसला नाही.

तरीही मी तशी सोडणारी नाही, तुला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या नर्सबाई आहेत, एक्याऐंशी वर्षांच्या. इथे बावन्न वर्षं राहताहेत. माझ्या आधीचा गलबत प्यायलेली या घरात ती एकच बाई. त्यांच्या खोलीत जाऊन बसले. त्यांना वाटलं भाडेवाढ.

"तुम्ही नेहमी म्हणता ना, पूर्वीचा चहा असा नव्हता. मग कसा होता?"

"डांबरासारखा," त्या म्हणाल्या. "बोटीवरच्या दोरांना वास येतो ना, तसा. तू आलीस त्या वर्षी बदलला. मी तेव्हाच बोलले. तू म्हणालीस, बाई, तुमची जीभ गेली."

"असं म्हणाले मी?"

"तोंडावर म्हणालीस. मी पंचावन्नची होते. चांगली सुया टोचत होते."

"आणि हल्लीचा?"

"बदलल्यावर पहिली दोन-तीन वर्षं नुसतं गरम पाणी. मग धुराचा वास आला. हा बरा आहे. घरचा वाटतो."

म्हणजे वर्ष जुळलं, तुझ्या सासूबाईंची तीन वर्षंही जुळली. तू जे लिहिलंस ते खरं आहे असं मी मानते. मानते, एवढंच.

त्या कागदाबरोबर तू तुझं निवेदन पाठवलंस, सहीचं, मूळ. त्यात एक वाक्य आहे: 'सासूबाईंच्या चहाला धुराचा वास येत नसे, म्हणून मी डबा भरण्याआधी पेरूच्या जळत्या ढलपीवर तो उपडा धरत असे, जशी आमची आई लोणच्याची बरणी धरत असे.' हे वाचून मी उठून मागच्या अंगणात गेले. का, ते आज लिहीत नाही.

तुझं पुढचं मागणं वाचलं. यजमानांच्या मृत्युपत्राने जागा परत मागण्याचा हक्क तुझ्या एकटीकडे आला आहे. तो तुला सोडायचा आहे. हक्कसोडपत्राची नोंदणी ३० मार्चला, आणि वकील म्हणतात की इतकी वर्षं चहा कुठून आला हे दोघींनी खरं लिहून जोडावं. उद्या एक वाक्य जरी खोटं निघालं तर तुझा मुलगा सगळं मोडून काढील. 'ताई, मी माझं लिहिलं, तू तुझं लिही.'

चिमे, आता माझ्या बाजूने बघ. तुझं निवेदन माझ्याकडे आहे म्हणून मी सुरक्षित आहे का? ते निवेदनही सांगतं की पेढीचा चहा सव्वीस वर्षांपूर्वीच संपला. माझं सांगेल की मागची नऊ वर्षं तर घराण्याचाही नव्हता. दोन्ही कागद तुझ्या मुलाच्याच कामाचे. तू सही केलीस तर घर राहिलं. सहीच्या आदल्या दिवशी त्याने तुझ्यापुढे रडून दाखवलं आणि तुझा हात थबकला, तर माझ्याच अक्षरात अडतीस बायका रस्त्यावर. तो रडतो छान. लहानपणी पाहिलं आहे.

वजनकाट्यावाल्याला त्यानेच धाडलं होतं हे तू आपणहून लिहिलंस ते बरं केलंस. निदान एका बाबतीत माझं नाक चुकलं नव्हतं. मात्र फडताळ त्याला कोणी दाखवलं ते मला काल आठवलं. डिसेंबरात त्याच्यासाठी चहा काढताना त्याच्यादेखत डबा मीच उघडला होता.

टायपिस्टची मुदत आज संपते. तिची पेटी व्हरांड्यात येऊन पडली आहे, वर दोरीने बांधलेली गादी. खाली जाते.

निवेदनाचं विचार करून कळवते.

ताई

प्रत ठेवली आहे, सवयीने.

२४ मार्च

चिमे,

सहा दिवस विचार केला. निवेदन असं:

मी, या वसतिगृहाची रेक्टर, लिहून देते की, गेली नऊ वर्षं इथे गलबत छाप म्हणून दिलेला चहा पेढीचा नव्हता आणि देणगीदार घराण्याकडूनही आलेला नव्हता. तो मी स्वतः केला. बाजारातली मोठी काळी पत्ती पाच भाग, बारीक तपकिरी तीन भाग, सोनेरी टोकाची एक भाग. मिसळण्याचं काम दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या खोलीत, दार लावून. स्वयंपाकीणबाईंना पत्ती आणलेली माहीत आहे, प्रमाण माहीत नाही. त्यांचा दोष नाही. या महिन्यापर्यंत वसतिगृहातल्या कोणालाही मी हे सांगितलेलं नव्हतं. डबे आणि लेबलं जुनीच वापरली. नऊ वर्षांपूर्वीच्या सभेत, आलेला माल बनावट असल्याचा आरोप मी केला होता. त्यानंतरची नऊ वर्षं मी तेच केलं, आणि ज्या बाईवर तो आरोप पडला ती माझी बहीण होती हे मला माहीत नव्हतं.

प्रमाण बरोबर येऊनही वास येत नव्हता. पत्ती निवडून मला रंग कळला, आकार कळला, धूर कळला नाही. दोन महिने झटले. शेवटी डबा भरण्याआधी अंगणातल्या पेरूच्या ढलपीवर तो उपडा धरला. हे मला रसायनशास्त्राने शिकवलेलं नाही. कोणाकडून आलं ते वेगळं लिहायची गरज नाही, माझ्या बहिणीच्या निवेदनात ते आहेच.

माझ्या सव्वीस वर्षांत चारचा चहा एक दिवसही चुकलेला नाही. आई गेल्याचा निरोप दुपारी तीनला आला, त्या दिवशीही मी चहा ओतून मगच निघाले आणि पोचायला उशीर झाला. हे वाक्य निवेदनात बसत नसेल तर वकिलांना काढायला सांग. तुझ्यासाठी राहू दे.

हेच निवेदन स्वतंत्र कागदावर उतरवून त्यावर सही केली आहे, दोन साक्षीदारांसमोर. एक म्हाताऱ्या नर्सबाई. दुसरी टायपिस्ट.

त्या दिवशी मी खाली गेले तेव्हा ती पेटीवर बसून रिक्षाची वाट बघत होती. मी म्हटलं, "पेटी आत ने." ती जागची हलली नाही. "कारण लिहून द्याल का?" या वेळी दिलं. 'चूक माझी होती', खाली सही. तिने घडी घालून पाकिटात ठेवलं. मग गादीचं एक टोक मी धरलं, एक तिने. जिन्यात तिला विचारलं की आईसाठी हाच चहा कशाला हवा होता? म्हणाली, "आईला आता वास येत नाही कशाचा. ह्याचा येतो का बघायचं होतं." तिला डबाभर भरून दिला. प्रमाणही सांगितलं. आता ते तिघींना माहीत आहे.

अंगणात का गेले होते ते आता तुला कळलंच असेल. पेरूच्या झाडाची तोडलेली फांदी बघायला. तिच्या ढलप्या मी नऊ वर्षं काढते आहे. कप्तानाच्या बोटीतल्या दोरांचा वास केव्हाच उडाला. तेवीस वर्षं आपण दोघी या घराला आईच्या बरणीचा वास पाजतो आहोत, एकमेकींना न सांगता. म्हातारा तसबिरीतून उतरून भांडायला आला तर काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. भांडण्यात मी वरचढ आहे, पण या बाबतीत माझी बाजू लंगडी आहे.

हा चहा गलबत म्हणायचा की नाही ते मला माहीत नाही. तू सही करशील की नाही तेही मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी हे पाकीट बंद करते आहे. असं मी यापूर्वी केलेलं नाही.

तीस तारखेला कचेरीचं काम जे काही होईल ते झाल्यावर इकडे ये. चिरंजीवांना आणलंस तरी चालेल, टेप घरी ठेवायला सांग. चार वाजता मागच्या दाराशी ये असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोडते. पुढच्या दाराने ये.

ताई

निवेदन टायपिस्टकडून टाईप करून घ्यावं असं मनात आलं होतं, पण मशीनवर तिने सवयीने कार्बन घातला असता. म्हणून हाताने लिहिलं. या पत्राची प्रत ठेवलेली नाही.